लोहा कधी गेलं?

नांदेडला देगलूर नाक्यापाशी, चहाच्या टपरीला लागून, रोज सकाळी पावणेआठला एक काळी-पिवळी कमांडर जीप उभी असे. तिचं तोंड लोह्याच्या दिशेला असे. अकरा वर्षांत ते दुसरीकडे वळलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे तिच्यात बसणाऱ्यांनी ‘गाडी कुठं चालली’ असं विचारणं कधीच सोडून दिलं होतं. यायचं, आपापल्या जागेवर बसायचं आणि झोपायचं.

गाडी जलीलची. जलील पंचेचाळीस वर्षांचा, किडकिडीत, कानावर कायम एक लवंग अडकवलेला माणूस. घाट लागला की ती लवंग तोंडात जायची. खरं तर नांदेड-लोहा रस्त्यावर घाट नाही. पण सोनखेडच्या पुढे एक चढ होता, तो जलील घाटात धरत असे.

नांदेडात राहायचं आणि नोकरीला रोज बाहेरगावी जायचं, याला इकडे अपडाऊन म्हणतात. जलीलची गाडी म्हणजे अपडाऊनवाल्यांचं दुसरं घरच होतं. पुढे बसणारे पेपर वाचत, मधे बसणारे राजकारण बोलत आणि मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसणारे झोपत. या मागच्या बाकांचे तीन कायमचे मालक होते.

पहिले शिवलिंगअप्पा. लोह्याजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते ताठ बसून झोपत, परीक्षेला सुपरव्हिजन करत असल्यासारखे. दुसऱ्या इंदू सिस्टर, लोह्याच्या दवाखान्यात नर्स. पर्सचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन झोपायच्या, आणि पर्सला कोणी नुसता धक्का दिला तरी डोळे न उघडता ‘हात काढा’ म्हणायच्या. तिसरा हणमंत, लोह्यातल्या एका कचेरीचा शिपाई. हा ज्याचा खांदा जवळ असेल त्या खांद्यावर झोपे. कचेरी उघडायचं काम त्याचं असल्यामुळे कचेरीची किल्ली त्याच्या खिशात असे.

जलीलला या तिघांची झोप पाठ होती. कोण कुठल्या गतिरोधकाला कूस बदलतो, हेसुद्धा त्याला आरशात न बघता कळे. लोहा आलं की तो दोनदा हॉर्न वाजवी आणि इंजिन बंद करी. इंजिनचा आवाज थांबला की तिघे एकदम जागे होत, पिशव्या उचलत आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता तीन दिशांना चालू लागत.

या झोपेलाही एक इतिहास होता. ब्याण्णवला जलीलने गाडी घेतली आणि पुढच्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला. नांदेडलाही भांडी वाजली. त्यानंतर अप्पांनी आठ महिने छताखाली पाठ टेकली नाही. अंगणात बाज टाकून ते पडत, आणि बाजेखालून मांजर गेलं तरी उठून बसत. झोप पार उडाली. ती परत आली ती जलीलच्या मागच्या बाकावर. हलणाऱ्या गोष्टीत झोप कशी लागते, याचं अप्पांना स्वतःलाच नवल वाटे. एकदा त्यांनी जलीलला त्याचं कारण सांगितलं होतं, “घर हाललं तर भ्या वाटतं बाबा. गाडी हालायची थांबली तर भ्या वाटतं. म्हणून इथं झोप लागती.”

भूकंपाच्या त्या दिवसांत जलील गाडी घेऊन किल्लारीकडे गेला होता. भाकरी, पाण्याचे ड्रम, सतरंज्या, जे मिळेल ते भरून त्याने एकोणीस दिवस खेपा केल्या. त्याविषयी तो फारसा बोलत नसे. परत आला तेव्हा त्याची पाच वर्षांची मुबश्शिरा घरात झोपायला तयार नव्हती, म्हणून चार महिने ती आणि तिची अम्मी शकिला गल्लीत उभ्या असलेल्या जीपमध्येच झोपल्या. पोरगी वाचायला शिकली तीसुद्धा या गाडीत बसूनच, मैलाच्या दगडांवरून. शाळेत वजाबाकी सुरू व्हायच्या आधीच तिला नांदेडहून लोहा किती आणि सोनखेडहून किती, हे सांगता येत होतं.

तीच मुबश्शिरा दोन हजार तीन साली दहावी झाली. गणितात दीडशेपैकी एकशे सत्तेचाळीस. त्या काळात नांदेड-लातूरकडे असे मार्क पडले की घरातली माणसं पेढ्याआधी लातूरचं नाव काढत. लातूरला अकरावी सायन्सला नंबर लागला, तिथल्या क्लासात पोर बसली, की ती डॉक्टर झाल्यासारखीच. जलीलने मुलीसाठी लातूरच्या एका कॉलेजात पोस्टाने अर्ज पाठवला. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत होतं, पण ती यादी लागली कधी आणि मुदत संपली कधी, हे गाडीच्या फेऱ्यांत जलीलला कळलंच नाही. चूक त्याची होती. पोरगी एक अक्षर बोलली नाही, शकिला चार दिवस बोलली.

आता शेवटची फेरी होती. सोमवारी बारा वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये क्रमाने नावं पुकारणार. जो हजर त्याला जागा, जो नाही त्याची जागा खालच्या नंबराला. मुबश्शिराचा नंबर नववा होता.

शनिवारी परतीच्या वाटेवर जलीलने गाडी चालवता चालवता सगळ्यांना सांगितलं, “सोमवारी गाडी न्हाई बरं का. पोरीला घेऊन लातूरला जाऊन राहिलो. आपापली सोय बघा.”

पुढच्यांनी ऐकलं, मधल्यांनी ऐकलं. मागून अप्पा “हाव” म्हणाले, सिस्टर “बरं” म्हणाल्या, हणमंतने मान डोलावली. तिघांचे डोळे मिटलेले आहेत, हे जलीलला आरशात दिसत होतं. पण मागच्या बाकावरची माणसं नेहमी डोळे मिटूनच बोलत. त्यामुळे त्याचं समाधान झालं.

सोमवारी सकाळी भुरभुर होती, म्हणून गाडीचे ताडपत्रीचे पडदे पाडलेले होते. शकिलाने पहाटेच मुलीची वळकटी बांधून गाडीत आणवली होती. “जगा मिली तो फिर गादी लाने वापस आना क्या?” हे तिचं म्हणणं. वळकटी मधल्या सीटच्या पाठीवर आडवी टाकली, तर ती छताला टेकली आणि आरशातला मागचा बाक तिच्याआड गेला. जलीलने सवयीने गाडी नेहमीच्या जागी आणून उभी केली आणि दोघींना आणायला तो गल्लीत गेला. घरी मुबश्शिराचे फोटो सापडत नव्हते. दहा मिनिटांनी ते शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डबीत सापडले.

त्या दहा मिनिटांत काय झालं, ते चहाच्या टपरीवाल्याने पाहिलं होतं, पण त्यात त्याला वेगळं काही वाटलं नाही. आठला पाच कमी असताना अप्पा आले, पडदा उचलून आत गेले. मग सिस्टर आल्या. मग हणमंत आला. गाडीत आज एक वळकटी होती, पण जलीलच्या गाडीत कधी शेळी असे, कधी खिडकीची चौकट असे. तिघे बसले आणि सवयीप्रमाणे झोपले.

जलील आला, दोघींना मधे बसवलं, बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवली आणि निघाला. हातात मनगटी घड्याळ, समोर रस्ता, डोक्यात बारा वाजताचं पुकारणं. सोनखेडच्या चढाला लवंग तोंडात गेली. नऊला पाच मिनिटं असताना लोहा आलं. आज तिथं थांबायचं नव्हतं. जलीलने हॉर्न वाजवला नाही, की इंजिन बंद केलं नाही. लोहा आलं तसं गेलं.

माळाकोळीच्या पुढे इंजिनच्या गरमीचा काटा वर चढला, तेव्हा जलीलने गाडी बाजूला घेतली आणि पाण्याचा कॅन घेऊन तो बोनेटकडे गेला. इंजिन थांबल्याबरोबर मागचा पडदा हलला. आधी डब्याची पिशवी खाली आली, मग चप्पल घातलेला एक पाय, मग हणमंत. त्याने खिशातून किल्ली काढली, जलीलकडे न बघता रस्ता ओलांडला आणि सरळ वीस पावलं चालत गेला. तिथं एक बाभूळ होती. हणमंत बाभळीसमोर किल्ली धरून थांबला.

जलीलने कॅनमधलं पाणी स्वतःच्या बुटावर ओतलं.

हणमंत हळूहळू मागे वळला. त्याने बाभळीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, जलीलकडे पाहिलं. “जलीलभाई,” तो म्हणाला, “लोहा कधी गेलं?”

“अर्धा घंटा झाला.”

“आन् मला उठवलं न्हाई?”

“तू हायस हेच मला ठाव न्हाई. तू कुठून आलास?”

“कुठून म्हंजे? नांदेडहून. रोज येतो तसा.”

तेवढ्यात पडद्याआडून सिस्टरांचा आवाज आला, “हणमंता, तुझा डबा माझ्या पायावर सांडला का रे? ओलं लागून राहिलंय.” पाठोपाठ त्या उतरल्या, मग अप्पा उतरले. त्यांनी धोतराचा सोगा नीट केला, टोपी नीट केली, समोरचा मैलाचा दगड वाचला. अहमदपूर अठरा. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. तरी अठराच.

शकिला मधल्या सीटवरून मान वळवून वळकटीच्या बाजूने हे बघत होती. “या अल्ला,” ती जलीलला म्हणाली, “और कितने हैं पीछे?”

“गाडी न्हाई म्हणून मी शनिवारी सांगितलं होतं,” जलील म्हणाला. “अप्पा, तुम्ही हाव म्हणला होता.”

“मी झोपेत घरी सगळ्याला हाव म्हणतो,” अप्पा म्हणाले. “ते धरायचं नसतं.”

समोरून लोह्याकडे जाणारी एसटी येताना दिसली. हणमंतने हात केला. गाडी इतकी भरलेली होती, की दाराच्या दांडीला माणसं लोंबत होती. कंडक्टरने आतूनच हात जोडले आणि एसटी निघून गेली. आता पुढची अकरानंतर.

जलीलने कॅनमधलं उरलेलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. अकरा वर्षांत त्याने कोणाला लोह्याऐवजी दुसरीकडे उतरवलं नव्हतं. अप्पांना नोकरीत एकदाही लेट मार्क लागलेला नाही, हे मागच्या बाकावरचं सगळ्यांना माहीत असलेलं वैभव होतं. शाळेच्या हजेरीपटावर बरोबर दहाच्या ठोक्याला तेच लाल रेघ मारत. आणि इकडे मधल्या सीटवर फाईल छातीशी धरून बसलेली मुलगी. जलीलने कॅन खाली ठेवला.

“बसा,” तो म्हणाला. “मागं फिरवतो. माझ्या गाडीत बसला, तर लोह्याला सोडणं माझं काम हाय.”

हे म्हणताना त्याने मुलीकडे बघायचं टाळलं. मुबश्शिरा मात्र मैलाच्या दगडाकडे बघत होती.

“अब्बा,” ती म्हणाली, “मागे जाऊन परत इथं यायला एक तास. इथून लातूर दोन तास. म्हणजे साडेबाराच्या पुढे. बाराला नाव आहे.” रडवेपणा नाही, तक्रार नाही. गणिताचं उत्तर खाली दोन रेघा मारून लिहावं, तसं तिने सांगितलं.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. “तोंडी केलंस?”

“हो सर.”

“मधे इथं थांबलेला वेळ धरला का?”

“धरला. पाच मिनिटं. आता सहा झाली.”

इंदू सिस्टर गाडीत चढल्या. आज त्या मागे गेल्या नाहीत. वळकटी सरकवून शकिलाशेजारी बसल्या. “भाभी, सरका जरा. जलीलभाई, बोनेट लावा. पोरीचं नाव पुकारायला कोण थांबणार हाय का आपल्यासाठी? माझी ड्युटी शेजारची सिस्टर करंल, मी तिच्या दोन बाळंतपणात तिची केली हाय. हणमंता, चढ.”

“सिस्टर, किल्ली माझ्यापाशी हाय.”

“मग लई भारी. आज तुझ्या सगळ्या साहेबांना मोकळी हवा मिळंल.”

उरले अप्पा. ते पुढे जलीलशेजारी येऊन बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. गाडी निघाली. तीन किलोमीटर ते समोर रस्त्याकडे बघत राहिले. जलील तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघत होता. त्याला वाटलं, म्हातारा आता काही बोलणार, ते आयुष्यभर आपल्या लक्षात राहणार. अप्पांचे खांदे हलू लागले. जलील घाबरला. मग त्याला दिसलं, की अप्पा हसत आहेत. आवाज न करता, टोपी हातात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“आज पोरं वाट बघतील,” ते म्हणाले. “मास्तर लोक दहाला पाच कमी असताना पळत येतील. आन् मीच न्हाई. अठ्ठावीस वर्षांत त्यांना येवढा आनंद कधी झाला नसंल.”

ते हसणं मग गाडीभर पसरलं. सिस्टरांना लागलं, शकिलाला लागलं. हणमंतला आपण का हसतोय ते कळत नव्हतं, तरी तो सगळ्यांत मोठ्याने हसत होता. अहमदपूर यायच्या आत चारही डबे उघडले. अप्पांच्या डब्यात आंब्याचं ताजं लोणचं होतं, त्याचं तेल पिशवीभर झालं होतं. शकिलाने वाटेसाठी केलेले खिमा-समोसे सिस्टरांनी पाहिले आणि “माझा सोमवार हाय, भाभी” म्हणत शेंगदाण्याची चटणी-भाकरी पुढे केली. हणमंतचा सोमवार नव्हता. त्याने तीन खाल्ले.

अहमदपूरला एसटीडी बूथ दिसल्याबरोबर हणमंत उतरला आणि त्याने कचेरीला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. दुसऱ्यांदा लावला. तरी नाही. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “अरे, फोन आत हाय ना? आन् दार तूच उघडतोस ना?” मग त्याने कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने मोठ्या क्लार्कला बोलावून दिलं.

“हणमंत, मेल्या, कुठं हायस?”

“अहमदपूरला.”

“किल्ली?”

“ती पण अहमदपूरलाच हाय.”

“अरे, सगळे लिंबाखाली बसून राहिलोत. आत फोन वाजून राहिलाय मघापासून. लई अर्जंट असणार. वरून आला असंल.”

“न्हाई,” हणमंत म्हणाला. “तो माझाच होता.”

एवढं बोलून त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला.

पावणेबाराला लातूर आलं. जलील या बाजूला भूकंपानंतर पहिल्यांदाच येत होता. तेव्हाचं लातूर त्याला ट्रक, तंबू आणि धूळ एवढंच आठवत होतं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरापोरींचे फोटो लागले होते. एकेका फलकावर पन्नास-साठ चेहरे, प्रत्येकाखाली मार्क. फिजिक्सचे क्लास, केमिस्ट्रीचे क्लास, दोन्हींना न जाणाऱ्यांचे क्लास. घराघरावर पाट्या, ‘मुलींसाठी खोली’, ‘घरगुती डबा’. रस्त्यावरून सायकलींचा लोंढा चालला होता, आणि प्रत्येक सायकलवाल्याच्या पाठीवर दप्तर होतं.

“इतकी पोरं,” हणमंत म्हणाला, “ही सगळी डॉक्टर झाली तर आजारी कोण पडणार?”

“मी,” शकिला म्हणाली. “मैं आजही पडती अब, घबराहट से.”

कॉलेजच्या हॉलबाहेर गर्दी होती. आत पुकारणं सुरू होणार होतं. दारापाशी टेबल टाकून बसलेल्या क्लार्ककडे जलीलने फाईल दिली. क्लार्कने कागद उलटले आणि फाईल परत केली.

“या साध्या झेरॉक्स आहेत. सत्यप्रती पाहिजेत.”

“साहेब, अस्सल पण हाय ना संगट.”

“अस्सल दाखवायला, सत्यप्रत लावायला. प्रत्येकीवर अधिकाऱ्याची नाहीतर मुख्याध्यापकाची सही-शिक्का पाहिजे. सूचनेत चौथ्या ओळीला लिहिलंय. नाव यायच्या आत आणा, नाहीतर पुढचं नाव घेतो मी.” तो रागावून बोलत नव्हता. सकाळपासून हेच बोलत होता.

गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करायचं, हे जलीलला माहीत होतं. टायर फुटलं, पट्टा तुटला, डिझेल संपलं, सगळ्याला त्याच्याकडे काहीतरी होतं. या कागदांना काय करायचं, ते त्याला कळेना. तो फाटकापर्यंत धावला, परत आला. आत माईक खरखरला. “क्रमांक एक.”

झाडाखाली अप्पा उभे होते. “काय म्हणतात रे?”

“शिक्का पाहिजे म्हणतात, अप्पा. सगळ्या कागदांवर. मुख्याध्यापकाचा.”

हे वाक्य जलीलने संपवलं आणि मग ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. अप्पांनी पिशवीत हात घातला. डबा काढला, डब्याखालचा पंचा काढला, पंच्याखालून एक गोल स्टीलची डबी निघाली. शाळेचा शिक्का मुख्याध्यापकाच्या ताब्यात असावा असा नियम आहे. शाळेतलं कपाट लागत नसल्यामुळे अप्पांनी नऊ वर्षं तो अक्षरशः आपल्या ताब्यात ठेवला होता. रोज त्यांच्याबरोबर तोही अपडाऊन करी. आज तो लोणच्याच्या तेलात बुडाला होता.

सिस्टरांनी पंच्याने तो पुसला. शाईचं पॅड वाळलेलं निघालं, त्यावर त्यांनी बाटलीतल्या पाण्याचे मोजून पाच थेंब टाकले, सुईने टाकावेत तसे. हणमंत हॉलच्या दारात उभा राहिला आणि तिथून ओरडून सांगू लागला, “तीन नंबर झाला.”

“मारा अप्पा,” जलील म्हणाला.

“मूळ कागद आण.”

“अप्पा, आपली पोरगी हाय. मार्क तुम्हाला ठाव हायेत.”

“मूळ कागद पाहिल्याशिवाय मी सही करत न्हाई. माझ्या सख्ख्या मुलाचे पाहूनच केली होती.”

कागद सात होते. जीपच्या बोनेटवर पंचा अंथरून अप्पांनी एकेक झेरॉक्स मूळ कागदाला लावून वाचायला सुरुवात केली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरात, जन्मतारीख अंकात. गणिताच्या आकड्यापाशी ते थांबले. “तीन मार्क कुठं गेले?” त्यांनी मुबश्शिराला विचारलं.

“भूमितीत सर. आकृतीला नावं द्यायची राहिली.”

“पाच झाले,” दारातून हणमंत.

जलीलने कानावर नव्याने अडकवलेली लवंग तोंडात टाकली. सहा झाले. अप्पा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर होते. ‘खऱ्याबरहुकूम नक्कल’ असं लिहून त्यांनी पहिली सही केली, तारीख घातली, आणि ‘ठिकाण’ लिहून त्यांचं पेन थांबलं.

अप्पा का थांबले, ते सिस्टरांच्या लक्षात आलं. जलीलच्या जरा उशिरा आलं. आजची तारीख, वेळ कामाची, आणि ठिकाण जर लातूर, तर अप्पा शाळेत नव्हते याचा कागद अप्पा स्वतःच्या सहीने करून देणार. सात प्रती. ‘ठिकाण’ला शाळेचं गाव लिहिलं असतं, तर जगात कोणी विचारलं नसतं.

“अप्पा,” जलील हळूच म्हणाला, “गावाचं नाव लिहा ना. शिक्का तर गावचाच हाय.”

“मी कुठं उभा हाय?”

“लातूरला.”

“मग?” म्हणत अप्पांनी ‘लातूर’ लिहिलं. फळ्यावर लिहितात तसं, सुटं आणि ठळक. सात वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी शिक्का मारला, आणि प्रत्येक शिक्क्याभोवती लोणच्याच्या तेलाचं एक पिवळं कडं उमटलं.

“आठ झाले, पळा,” हणमंत ओरडला.

क्लार्कने कागद घेतले, उलटले, नाकाशी नेले, परत खाली धरले. “हे काय आहे?”

“कैरी,” सिस्टर म्हणाल्या. “घरची.”

क्लार्कने फाईलवर टिकमार्क केला. आत माईकवर मुबश्शिराचं नाव घेतलं गेलं. “हजर, सर,” ती म्हणाली. एवढंच. पण बाहेर जलील खिडकीचा गज धरून उभा होता, त्याला ते हॉलभर ऐकू आल्यासारखं वाटलं. त्याने वळून कोणाला तरी मिठी मारली. तो हणमंत होता. हणमंतने सवयीने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

वसतिगृह रविवारी उघडणार होतं. त्यामुळे वळकटी आली तशी परत निघाली आणि परतीच्या वाटेत हणमंत तिच्यावर आडवा झाला. लोह्यावरून गेले तेव्हा पाच वाजले होते. कचेरीचं कुलूप जागच्या जागी होतं. मोठ्या क्लार्कने दार ढकललं तेव्हा कडीच हातात आली होती, आणि ती सहा वर्षांपासून तशीच नुसती अडकवलेली होती, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी रजेचा अर्ज लिहिला. कारण: ‘प्रवासात झोप लागल्यामुळे लोहा मागे राहिले व लातूर आले.’ वरच्या कचेरीने ‘योग्य कारण नमूद करावे’ असा शेरा मारून तो परत पाठवला. अप्पांनी नवा कागद घेतला आणि तेच वाक्य जास्त चांगल्या अक्षरात लिहिलं. तो मंजूर झाला.

रविवारी जलील मुबश्शिराला पोचवायला निघाला, तर नाक्यावर तिघे हजर. सुट्टीचा दिवस, कोणाला कुठे जायचं नव्हतं. “या खेपेला जागेपणी यायचं ठरवलंय,” सिस्टर म्हणाल्या. “लोहा येतं कसं आन् जातं कसं, ते एकदा बघायचं हाय.” अप्पा म्हणाले, त्यांनी त्यासाठी सकाळी दोन कप चहा घेतलाय. हणमंतने कचेरीची किल्ली घरी ठेवल्याचं खिसे उलटून दाखवलं.

तिघे मागे बसले. वळकटी या वेळी टपावर बांधली होती. शकिला मुलीचा हात धरून मधे बसली होती आणि आतापासूनच तिला डब्याविषयी सूचना देत होती. सोनखेडचा चढ लागला, लवंग तोंडात गेली. जलीलने आरशात पाहिलं. अप्पा ताठ बसले होते, डोळे मिटून. सिस्टरांच्या मनगटाला पर्सचे दोन वेढे होते. हणमंत सिस्टरांच्या खांद्यावर होता.

मुबश्शिरानेही मागे वळून पाहिलं. “अब्बा, लोहा दोन किलोमीटर राहिलं. उठवू?”

जलीलने जरा विचार केला. “झोपू दे,” तो म्हणाला. “माझीच माणसं हायत.”

लोहा आलं. जलीलने हॉर्नवरचा हात काढून घेतला, गतिरोधकावरून गाडी अगदी सावकाश नेली आणि इंजिन चालूच ठेवलं.